थेंब धरणारी काच

धुतलेल्या काचेची परीक्षा पाण्यानेच करायची असते. बाटली धुऊन झाली की तिच्यात शेवटचं शुद्ध पाणी घालायचं, फिरवायचं, ओतून टाकायचं आणि बाटली खिडकीच्या उजेडाला धरायची. आतून पाण्याचा पातळ पापुद्रा एकसारखा पसरलेला दिसला तर बाटली स्वच्छ. कुठे पाण्याने थेंब धरला, तर तिथे तेलकटपणा उरलाय, बाटली परत धुवायची. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागलो तेव्हा माझ्या आधीच्या म्हाताऱ्या शिपायाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "थेंब दिसला तर चूक तुझी. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही."

ते मी आयुष्यभर पाळलं. कायम झालो, निवृत्त झालो, आणि निवृत्तीनंतर कंत्राटावर परत बोलावलं गेलो, कारण माझ्यासारखी काच धुणारा माणूस मिळत नाही असं प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. मोठमोठ्या पदव्यांची माणसं माझ्या मोरीपाशी येऊन "मामा, बाटल्या झाल्या का?" विचारायची आणि मी मान वर न करता सांगायचो, "झाल्या की कळेल." मला याचा गर्व होता. आता नाही असं म्हणणार नाही, पण आता तो कुणाला दाखवण्याजोगा राहिलेला नाही.

बायको म्हणायची, "काच उलट बोलत नाही ना, म्हणून तुमचं तिच्याशी जमतं."

मग एक मुलगी पीएचडी करायला आली ती लातूरकडून. आमच्याकडे सगळ्या शिपायांना मामाच म्हणतात, ते पद आहे. पण ही म्हणायची तेव्हा हाक मारल्यासारखं वाटायचं. मी कधी कुणाला मॅडम म्हटलं नाही. मुलींना ताई म्हणायचो आणि एकेरीत बोलायचो, ज्यांना चालायचं नाही त्यांच्याशी बोलायचोच नाही. हिला चालायचं. ती काम करताना माझ्या मोरीच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि काय चाललंय ते न विचारताच सांगायची.

एकदा तिने काचेच्या गोल भांड्यात पिवळट पाणी उकळायला ठेवलं, त्यात दुसरं काही ओतलं आणि मला हाक मारली. पाणी आधी बिनरंगी झालं, मग काळसर आणि बघता बघता डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल.

"हे काय?" मी विचारलं.

"सोनं."

"सोनं पिवळं असतं."

"एवढं बारीक केलं की लाल दिसतं, मामा. याचा एक कण साध्या डोळ्यांनी कधीच दिसणार नाही."

"आमच्या घरात आहे तेही डोळ्यांना दिसत नाही. बायको सांगते म्हणून आहे असं धरायचं."

ती पोट धरून हसली. मग तिने मला तिचं काम समजावलं. नुसते कण करून काही होत नाही, म्हणाली. खरं काम त्यांच्या वरच्या थराचं. आत सोनं तेच, पण वरून कशाचा थर दिलाय त्यावर तो कण कुणाला धरणार आणि कुणाला सोडणार हे ठरतं. मी म्हटलं, म्हणजे कल्हई. आईच्या पितळी पातेल्याला कल्हई असली की त्यात ताक ठेवता यायचं, कल्हई उडाली की तेच ताक कळकायचं. पातेलं तेच. ती म्हणाली, "मामा, माझ्या प्रबंधाचं पहिलं पान तुम्ही सांगितलंत." ते मी त्या दिवशी चारजणांना ऐकवलं.

तिने कणांवर जो थर चढवला होता तो तणनाशकाला धरायचा. शेतातल्या पाण्यात तिच्या लाल पाण्याचे दोन थेंब टाकले आणि त्यात तणनाशक असलं, की कण एकमेकांना चिकटून रंग निळा व्हायचा. नसलं तर लाल राहायचा. मोठं यंत्र नको, तज्ज्ञ नको, गावातल्या कुणालाही बघता येईल, असं ती म्हणायची तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसायचा.

मी मूळचा पुण्याजवळच्या मांजरी गावाकडचा. थोरला भाऊ अजून तिथे आहे, थोडा ऊस आहे, विहीर आहे. बाकीच्या जमिनीवर बिल्डिंगी उठल्या. मी हौसेने त्या विहिरीचं पाणी डब्यात भरून आणलं. तिने एका नळीत आमच्या नळाचं, म्हणजे खडकवासला धरणाचं पाणी घेतलं, दुसरीत आमच्या विहिरीचं. दोन्हींत दोन-दोन थेंब. नळाचं लाल राहिलं. आमचं हळूहळू जांभळं झालं आणि मग निळं.

"मामा, हे पाणी पिता?"

"तीन पिढ्या पितोय."

"तेव्हा तणनाशक नव्हतं."

"तुझंच काहीतरी बिघडलं असेल."

तिने तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा निळं. मी घरी जाऊन भावाला फोन केला तर तो म्हणाला, "येडी हाय का ती? ऊस उभा हाय, माणसं उभी हायती. म्हणं पाण्यात इख हाय." मी तिला काही बोललो नाही, पण मनात एक खडा बसला. माझ्या बापाने खणलेल्या विहिरीला कालच्या मुलीने नाव ठेवलं होतं. पुढे जे झालं त्यात या खड्याचा भाग किती आणि माझ्या सवयीचा किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तिच्यापुढे आता एकच अडचण उरली होती. तिचं लाल पाणी बाटलीत निदान दोन महिने तसंच टिकायला हवं होतं, नाहीतर ते गावापर्यंत पोचणार कसं? पण त्या थराचे कण काचेलाच चिकटून बसायचे. प्लॅस्टिकचंही तिने करून पाहिलं, तिथेही तेच. आठवडाभरात पाणी फिकं आणि बाटलीच्या आतल्या अंगावर गुलाबी झाक. यावर तिने उपाय काढला तो बाटलीचाच. बाटलीलाही आतून एक थर द्यायचा, डोळ्यांना न दिसणारा. मग काच कुणालाच धरणार नाही, पाण्यालासुद्धा नाही. तिची फेलोशिप वर्षाअखेर संपत होती आणि मुदत आधीच एकदा वाढवून झाली होती. त्याआधी टिकणाऱ्या बाटल्या दाखवल्या तर प्रबंध पुरा, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. हे तिने माझ्यापासून लपवलं नव्हतं.

ओव्हन माझ्या मोरीच्या खोलीत होता. ती संध्याकाळी बाटल्यांना आतून थर द्यायची, ओव्हनमध्ये तापवायची, एकीत पाणी घालून थेंब धरतोय ना ते बघायची आणि सगळ्या माझ्या स्टँडवर पालथ्या घालून जायची. पहिल्या दिवशीच मला म्हणाली, "मामा, या बाटल्यांना हात लावू नका. यांच्यात पाणी थेंब धरणार. तशाच असायला हव्यात त्या."

मी म्हटलं, "बरं."

मी आठला यायचो, ती दहाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाटल्या माझ्या स्टँडवर, माझ्या धुतलेल्या काचेच्या शेजारी उभ्या होत्या. मी एक उचलली, पाणी फिरवलं. पाणी अळवाच्या पानावरून जावं तसं घरंगळलं आणि मागे टपोरे थेंब उरले. मला ते बघवेना. तिने सांगितलेलं मला आठवत होतं, ऐकू कमी येतं अशातला भाग नाही. पण मी मनाशी म्हटलं, काच म्हणजे काय हे मला कुणी शिकवायचं? वरून थर म्हणते, पण थर चढायला आधी काच स्वच्छ नको? आणि सर कुणा पाहुण्याला घेऊन आले आणि माझ्या स्टँडवरची बाटली उजेडाला धरली तर? तिचं नाव कोण घेईल, माझंच घेतील.

स्पिरिटमध्ये कॉस्टिक कालवलेला टब आमच्याकडे कायम भरलेला असतो. त्यात काच बुडवली की काचेच्या अंगावरचं सगळं सुटतं, काचेचासुद्धा बारीकसा पापुद्रा जातो. मी त्या सगळ्या बाटल्या त्यात बुडवल्या, तासाभराने काढल्या, शुद्ध पाण्याने खळबळल्या. पाणी एकसारखं पसरलं. ओव्हनमध्ये वाळवल्या आणि होत्या तशा पालथ्या घातल्या. ती दहाला आली, बाटल्या उचलल्या, लाल पाणी भरून घेऊन गेली. बघून काही कळण्यासारखं नव्हतंच. ती थेंब तपासायची तो संध्याकाळीच.

मग हे दर वेळी झालं. तिने थर दिला की दुसऱ्या सकाळी मी तो उतरवला. मला वाटायचं मी तिचं काम नीट करून देतोय.

बाटल्या आठवड्यात फिक्या पडायला लागल्या. तिने थराचं रसायन बदललं. तापवायचा वेळ वाढवला. मग कणांवरचा थरच बदलून पाहिला, म्हणजे दोन वर्षांपूर्वी केलेलं परत. वहीत लिहायची, खोडायची. मोरीच्या दाराशी यायची, पण बोलायची कमी. एकदा रिकाम्या बाटल्या धुवायला देताना म्हणाली, "बघा ना मामा, गुलाबी. सगळं सोनं भिंतीलाच." मी ती गुलाबी झाक बघितली. तेव्हा माझी नजर टबाकडे गेली, हे कबूल करतो. पण मी म्हटलं, "काचेत दोष नाही." आणि ते खरं होतं, काच अगदी निर्मळ होती.

मग एक दिवस सर स्वतः मोरीत आले. ती मागे उभी. सरांनी ओव्हन बघितला, स्टँड बघितलं आणि तिला विचारलं, "थर दिल्यावर या कुणी धूत तर नाही ना?"

ती म्हणाली, "नाही सर. मी मामांना पहिल्याच दिवशी सांगितलंय. मामा तसं करणार नाहीत."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "मामा?"

मी हात पुसले आणि म्हटलं, "इतकी वर्षं झाली सर. माझ्या हातून काचेचं वाईट झालेलं दाखवा."

सर हसले. "नाही, तसं नाही हो." आणि गेले.

मी खोटं बोललो नाही. पण जे विचारलं होतं त्याचं उत्तरही दिलं नाही. ती माझ्याकडे बघून जरा हसली, मला अवघडल्यासारखं झालं असेल असं वाटून. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर तिच्या हातात पुरे तीन महिने होते.

वर्षाअखेरीला माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. तो काढला आणि मी दोन आठवडे घरी बसलो. परत गेलो तेव्हा तिचं टेबल रिकामं होतं. मुदत संपली होती. माझ्या स्टँडवर रबरी हातमोज्यांचा नवा जोड होता, त्याला चिकटवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरात, मला वाचता यावं म्हणून: मामा, कॉस्टिकने हात भाजून घेऊ नका. मी ते मोजे वापरले नाहीत. मोजे घालून काच कळत नाही.

सात महिन्यांनी तिचं कपाट नव्या विद्यार्थ्याला द्यायचं ठरलं आणि सर म्हणाले, "जुनं सगळं ओतून टाका, बाटल्या धुऊन ठेवा." खालच्या फळीवर मागे सहा बाटल्या होत्या. चिठ्ठीवरची तारीख मी वाचली. मी डोळ्यासाठी घरी होतो त्या पंधरवड्यातली. शेवटच्या त्या दिवसांत तिने त्या भरल्या होत्या, वाट बघायला वेळ उरला नव्हता, म्हणून ठेवून गेली होती.

मी एक बाटली खिडकीला धरली. डाळिंबासारखी लाल. तिरकी केली, सरळ केली. काचेवर कुठे गुलाबी डाग नाही. पाणी काचेला न धरता खाली गेलं.

सहाच्या सहा तशाच. माझा हात न लागलेल्या.

मी स्टुलावर बसलो. बराच वेळ बसलो असणार, कारण नळ चालू राहिला होता आणि कुणीतरी येऊन तो बंद केला.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जाऊन सांगा तिला."

"आता कळून काय होणार?"

"होणार काय? तिला कळेल."

ती कोथरूडला अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते असं कळलं होतं. मी बाटली रुमालात गुंडाळून बसने गेलो. क्लासच्या खाली एवढ्या दुचाक्या लावलेल्या की जिना सापडेना. दोन बॅचच्या मधे तिला वेळ होता. ती मला बघून खरंच खूश झाली, डोळा कसा आहे विचारलं, चहा मागवला. मी रुमाल सोडून बाटली टेबलावर ठेवली.

तिने ती उचलली नाही. नुसती बघत राहिली. मग विचारलं, "कधीची?"

"डोळ्याच्या वेळची. मी नव्हतो तेव्हाची."

"आणि आधीच्या?"

"आधीच्या मी धुतल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

बाहेर मुलं जिन्यावरून आरडाओरडा करत चढत होती. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं, मामा."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"थेंब धरत होत्या."

ती हसली. तसं हसणं मला परत ऐकायचं नाही. "मी माझ्याच हाताला दोष देत राहिले," ती म्हणाली. "आईला सांगितलं, मला हे जमत नाही, मी कशाला या फंदात पडले. आणि सरांसमोर तर मीच तुमची बाजू घेतली."

चहा आला, तो तसाच राहिला.

मग तिने डोळे पुसले आणि क्लासमधल्या आवाजात म्हणाली, "लिहून द्या. काय केलंत, किती वेळा, कशात बुडवलंत. सही करून. तोंडी सांगितलेलं कुणी धरणार नाही."

मी म्हटलं, "विचार करतो."

आख्ख्या नोकरीत मी कधी कुणाला लेखी खुलासा दिला नव्हता. इतरांना मेमो मिळायचे, मला कधी मिळाला नाही, हे मी नातवंडांना सांगत आलो. आता स्वतःच्या हाताने तो लिहायचा. अकरा दिवस मी कागद घेतला नाही. बायकोने एकदाही विचारलं नाही, फक्त पेन माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. बाराव्या दिवशी बसलो. अर्ध्या पानाला तीन दिवस लागले. कॉस्टिक हा शब्द मी दोन तऱ्हांनी लिहिला आणि दोन्ही ठेवले.

सरांनी उभ्यानेच वाचलं. मग बसून परत वाचलं. चष्मा काढला. "मी विचारलं होतं तुम्हाला, मामा."

"हो."

"तेव्हा बोलला असतात तर."

"हो."

ते म्हणाले, तिची नोंदणी रद्द झाली आहे, विषय नव्या विद्यार्थ्याकडे गेलाय. समितीपुढे कागद ठेवतो, पण आशा धरू नका. कपाटातल्या पाच बाटल्या त्यांनी त्या नव्या विद्यार्थ्याच्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. मीच ठेवल्या. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपलं, ते परत झालं नाही. त्याचं कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. समितीकडून आजवर काही आलेलं नाही.

मी तिला फोन केला. "कागद दिला."

"काय म्हणाले?"

"उशीर झाला म्हणाले."

ती म्हणाली, "पुढच्या वेळी इकडे येताना तुमच्या विहिरीचं पाणी आणाल?"

मी भावाकडे गेलो. तो विहिरीच्या काठाशीच बसला होता, तांब्यातून पाणी पीत. "आता परत कशाला रं?" म्हणाला. मी सांगितलं, हवंय. डबा भरला आणि तसाच कोथरूडला गेलो.

क्लासमध्ये तेव्हा कुणी नव्हतं. तिने टेबलाच्या खणातून ती बाटली काढली. सात महिने कपाटात आणि वर माझ्या घोळापायी दोन महिने या खणात, तरी तशीच लाल. दोन नळ्या घेतल्या. एकीत क्लासच्या माठातलं पाणी, दुसरीत आमचं. दोन-दोन थेंब. आम्ही दोघं शेजारी शेजारी बाकावर बसून बघत होतो.

माठातलं लाल राहिलं. आमचं जांभळं झालं, मग निळं.

"टिकलं," ती म्हणाली. कुणाला सांगावं तसं नाही, नुसतं.

मी म्हटलं, "भाऊ अजून पितोय ते पाणी."

"बोला त्यांच्याशी."

"ऐकायचा नाही. माझ्यासारखाच आहे."

फळ्याशेजारच्या कोपऱ्यात बेसिन होतं. मी नळ्या उचलायला हात पुढे केला, सवयीने. तिने माझा हात धरला नाही, ढकललाही नाही. नळ्या स्वतः उचलल्या.

"राहू द्या मामा," म्हणाली. "मी धुते."